लाखेची गाठ

गोंदियात तेव्हा खोली मागायला गेलं की घरमालक आधी गाव विचारायचा, मग जात, मग कोणत्या मिलमध्ये आहेस ते. या बुढ्यानं मला त्यातलं काहीच विचारलं नाही. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "बायको हाय का?"

मी म्हटलं, "हाय. घरी हाय, कामठ्याले."

"मंग तिले घेऊन ये. खोली तिले देतो. तुले नाई देत."

मला राग आला. देश इंग्रजांच्या हातून सुटून चार-पाच वर्षं झाली होती. मी राईस मिलमध्ये पोती वाहत होतो. अंगात ताकद होती आणि डोक्यात हवा होती. पण रेल्वे लाइनीच्या पलीकडं एवढ्या स्वस्तात कवेलूच्या छपराची खोली दुसरीकडं नव्हती. पुढच्या बाजाराच्या दिवशी बायकोला घेऊन आलो. बुढा भाड्याचं काही बोललाच नाही. तिला म्हणाला, "बाई, पाच रुपये आहेत का तुह्याजवळ? तुहे. याचे नाई."

तिचं माहेर सडक अर्जुनीकडचं. निघताना आईनं तिच्या पदरात काही बांधून दिलं होतं, ते मला माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं न पाहता पदराची गाठ सोडली.

बुढ्यानं तिला त्या पैशाची चिल्लर करून आणायला लावली. अधेल्या, पावल्या, चवल्या. नोट चालणार नाही म्हणाला. "अडल्यावर मोड मागत फिरशीन काय? टांगेवाला म्हणन माह्याजवळ नाई, दवावाला म्हणन माह्याजवळ नाई. नोट म्हंजे कागद." मग त्यानं ती चिल्लर एका जाड फडक्यात बांधली, गाठ करकचून आवळली, दिव्यावर लाख वितळवून गाठीवर ओतली आणि आपल्या पेटीच्या किल्लीचं डोकं त्यात दाबलं. लाख थंड होईपर्यंत फुंकत राहिला. मग गाठोडं तिच्या हातात दिलं. "झालं. आता हे तुहं. नवऱ्यानं हात लावला तं मले सांगजो."

अशा सात खोल्या होत्या आणि सात गाठी होत्या.

त्याचा नियम साधा होता. भाडं एक महिना चुकलं, दोन महिने चुकलं, तो तोंड उघडत नव्हता. "देजो, सीझन लागला का देजो." पण महिन्यातून एकदा तो काठी टेकत दारोदार फिरायचा आणि बाई गाठ बाहेर आणून दाखवायची. तो पैसे बघत नव्हता, लाख बघायचा. किल्लीचा ठप्पा शाबूत असला की पुढच्या दारी. घरात जेवायला काय आहे, पोरगं काऊन रडतं, याची चौकशी नाही. मिलमधले आम्ही त्याला हसत होतो. पोलीस आला, पोलीस आला म्हणायचो. त्याला ऐकू जात असे. त्याला काही वाटत नसे.

गाठ फोडायला त्याची परवानगी लागत नव्हती. "पुसाचं नाई, फोडाचं. अडल्यावर पुसत कोन बसते?" पण दुसऱ्या दिवशी बाईनं येऊन सांगायचं, काऊन फोडली. तो ऐकून घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि एवढंच म्हणायचा, "होती." नाहीतर, "नोती." म्हणजे वेळ तशी होती, किंवा नव्हती. 'होती' म्हटलं की गाठ पुन्हा भरायला सवड मिळे. 'नोती' म्हटलं की खोली खाली.

शेवटच्या खोलीत एक बिडीवाला राहत होता. बिड्या बांधण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हता, पण शंकरपटाचा नाद वाईट. त्यानं बायकोची गाठ फोडून पैसे एका बैलजोडीवर लावले. जोडी हरली. बायको रडत सांगायला आली. बुढ्यानं डोळे मिटले नाहीत, थेट म्हणाला, "नोती." बिडीवाल्यानं पुढच्या दोन महिन्यांचं भाडं आधीच दिलं होतं. बुढ्यानं ते परत केलं आणि म्हणाला, "जोडी जिकली असती तरी नोतीच."

दुसरी एक बाई होती, तिचा नवरा तिला मारून राहिला होता. एक दिवस तिनं गाठ फोडली आणि सरळ गाडीचं तिकीट काढून माहेरी गेली. आठ दिवसांनी भावाला घेऊन आली आणि ओसरीसमोर उभी राहिली. नवराही आला. म्हणाला, "बाबाजी, हे काय वेळ झाली काय? थोडं भांडण झालं घरात."

बुढ्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग नवऱ्याला म्हणाला, "होती. बराबर होती. गाठ आता तू भर."

"मी कायले भरू?"

"मारलं कोनं?"

त्या दिवसापासून आम्ही त्याला पोलीस म्हणणं बंद केलं. निदान बायकांसमोर तरी.

त्याची एक म्हण होती, त्याचीच असावी, दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी ऐकली नाही. "पैसा दोन जातीचा असते. एक चालते, एक बसते. चालता पैसा नवऱ्याजवळ राहू द्या, बसता बायकोजवळ. नवरा बाहेर राहते, वेळ घरी येते." त्यावर त्याची बुढी आतून बोलायची, "आमच्या घरचा पैसा बसून बसून पांगळा झाला जी." आणि बायका पदरात तोंड घालून हसायच्या.

बुढी खरं तेच बोलत होती. स्वतःच्या घरात बुढा भारी कंजूष. उन्हाळ्या-पावसाळ्यात एकच खाकी कोट, त्याला एकही गुंडी नाही, सुतळीनं बांधलेला. चहात दूध नाही. बुढीची दोन लुगडी, त्यातलं एक वाळत घातलेलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आमच्याकडं सगळे पाहुणे तेव्हा फिरतात, नवीन लुगडं, हातभर बांगड्या, बायकांचा तोच सण. बुढीला त्यानं मंडईत कधी बांगडी भरू दिली नाही. "हातात हायेत ना," म्हणायचा. होत्या, दोन.

नवे पैसे निघाले तेव्हा तर त्यानं कहर केला. सगळ्यांना हिशोबाची कटकट वाटत होती, याला वेगळीच काळजी. एक नवा पैसा तळहातावर ठेवून तो आठवडाभर स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्यांना विचारत फिरला. मी एकदा सोबत होतो. टांगेवाला म्हणाला, "बाबा, बैठना है क्या?"

"बैठाचं नाई. बैठलो तं हा घेशील का, ते सांग."

"बैठोगे तो लूँगा ना."

"आन आडरात्री बैठलो तं?"

टांगेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. बुढा गंभीर होता. चार-पाच जणांनी घेऊ म्हटल्यावरच तो घरी आला.

त्याच्या स्वतःच्या पैशाची गाठ नव्हती, गडवा होता. पितळेचा तांब्या, तोंडाला फडकं, त्यावर बोटभर लाख. कोनाड्यात देवांच्या शेजारी. त्याला हात लावायची बुढीलाही सोय नव्हती. कोणी विचारलं तर तो सांगायचा, लपवत नव्हता. "आमा दोघाईचा हाय. लाकडं, कापड, तेरवी. जो आधी जाईन त्याचं होऊन जाईन, मागच्याचंही थोडंफार होईन. पोरीले कोहमाऱ्याकडं देलं, तिले निरोप जायाले दोन दिवस लागते. कोनाच्या दारी जाचं काम नाई."

मी एकदा त्याला म्हटलं, "बाबाजी, मरनाचं एवढं काय लावून घेतलं?"

त्यानं मला सांगितलं ते असं. जवानीपासून तो लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, होता. तराजू त्याच्याकडं. घरी लागणारी लाकडं लोक घासाघीस करून नेत. पण सरणाची लाकडं न्यायला येणारा माणूस घासाघीस करत नाही, तो हात जोडून उभा राहतो. कितीतरी जण पैसे नसताना येत. टालीचा मालक वाईट नव्हता, पण उधारीला कंटाळलेला होता. एकदा एकजण आला, त्याची बाई घरी पडलेली, सकाळपासून. मालक गावाला गेलेला. उधार द्यायची याला मुभा नव्हती. "मी तराजू धरून उभा होतो. थो माह्या पाया पडून राहिला होता. दुपार झाली. मंग लोकाईनं दारोदार फिरून गोवऱ्या जमवल्या तिच्यासाठी." मग म्हणाला, "बाकी अडचन काई अडचन नसते. ते एकच असते."

त्या वेळी मला ते पटलं. आता वय झालं, आता नाही पटत.

आता एका दिवाळीनंतरची गोष्ट, नवे पैसे यायच्या आधीची. मंडईचे दिवस होते. सातांतल्या चारच खोल्यांत माणसं होती, बाकीचे पाहुणपणाला गेलेले. बुढीचं पोट दोन दिवसांपासून दुखत होतं. बुढ्यानं वैदूचा काढा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट नगाऱ्यासारखं झालं आणि ती हिरवं ओकायला लागली. तेव्हा बायकांनीच डॉक्टरला बोलावून आणलं. डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि सांगितलं, आतडं अडकलं आहे, इथं होणार नाही, दुपारच्या गाडीनं नागपूरला न्या, उद्यावर टाकू नका.

मी मिलमधून जेवायला घरी आलो तो ओसरीवर बुढा बसलेला, मांडीवर गडवा. आतून बुढीचं कण्हणं ऐकू येत होतं. बायका दारात उभ्या.

मी म्हटलं, "बाबाजी, टांगा आनू काय?"

"थांब."

"कायले थांबू? गाडीची वेळ होऊन राहिली."

"डाक्तर म्हणते काय, वाचनच म्हणून?"

"डाक्तर कोठी तसं म्हणत असते काय?"

"मंग?" त्यानं गडवा दोन्ही हातांनी धरला होता. "नागपुरात पैसा लागला, आन बुढीही गेली, तं मी तिले आनू काहानं? लाकडं काहाची घेऊ? तिथं परमुलखात तिले कोनाच्या दारी ठेवू? सांग ना. तू सांग."

माणूस वेडा नव्हता, हे तुम्हाला समजलं पाहिजे. बायकोपेक्षा त्याला पैसा प्यारा नव्हता. तो तिच्यासाठीच तो धरून बसला होता. त्याला फक्त एकच वेळ ओळखता येत होती आणि ती अजून आली नव्हती.

खिशात कोणाच्या काही नव्हतं. दिवाळी होऊन गेलेली, मंडई चाललेली, मिलचा पगार शनिवारी. मुनीमजीकडं उसने मागायला जायला वेळ नव्हता.

तेवढ्यात माझी बायको आमच्या खोलीतून बाहेर आली. हातात गाठ होती. ओसरीच्या पायरीवर पाटा पडला होता, त्यावर तिनं ती गाठ ठेवली आणि वरवंट्यानं लाख फोडली. कडकन आवाज झाला. बुढ्यानं वळून पाहिलं.

"काय करून राहिली?"

"वेळ आली," ती म्हणाली.

"कोनाची?"

"माही."

"तुले काय झालं?"

"मले काई नाई झालं. तुमीच सांगतलं ना बाबाजी, पुसाचं नाई, फोडाचं. आल्यावर येऊन सांगन."

मग शेजारची बाई आपली गाठ घेऊन आली. मग तिसरी. मग माराला कंटाळून माहेरी गेलेली ती चौथी. एकीनं फोडली की पाटा पुसून दुसरी ठेवत होती. लाखेचे लाल तुकडे पायरीवर सांडले. बुढा त्या तुकड्यांकडं बघत राहिला. मी टांगा आणायला धावलो.

हे लिहिताना मला थांबावं लागलं. हीच बाई, माझी बायको, गेल्या भादव्यात गेली. तिच्या वेळी पैसा होता. पोरानं दारात गाडी आणून उभी केली होती. ती म्हणत राहिली, पोटच दुखते, दोन दिवस पाहू, तुमी उगी घाबरता. दुसऱ्याची वेळ तिला दारातून कळत होती. स्वतःची कळली नाही, आणि साठ वर्षं सोबत राहून मलाही कळली नाही. यात कोणाची चूक नाही असं सगळे म्हणतात. म्हणू दे.

तर टांगा आला. बुढीला चादरीत घालून उचललं. सोबत मी, माझी बायको आणि शेजारची बाई. बुढ्याला म्हटलं, चला. तो उठला, टांग्यापर्यंत आला, बुढीच्या पायावर हात ठेवला आणि मागं सरला. "मी इथंच राहतो," म्हणाला. "इथं कोनी पायजे." बुढीनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. बायका त्याला काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

गाडी मिळाली. नागपुरात त्याच दिवशी आपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आज आणली म्हणून वाचली. मला मिलमध्ये परतणं भाग होतं, दुसऱ्या दिवशी मी एकटा गोंदियाला आलो. बायका तिच्याजवळ राहिल्या.

आवारात पाय ठेवला आणि जागेवरच थांबलो. ओसरीसमोर लाकडं रचलेली होती. जाड ओंडके खाली, बारीक वर, बाजूला गोवऱ्या. त्यावर कोऱ्या कापडाची घडी, वर दगड ठेवलेला. आणि कोनाड्यात गडवा उपडा. आमची गाडी सुटली त्याच दुपारी त्यानं गडवा फोडला होता आणि टालीवर जाऊन हे सगळं बैलबंडीत घालून आणलं होतं. मागं राहिलेल्या दोघी बायका लांब उभ्या राहून शिव्या घालत होत्या. जित्या बाईचं सरण आणलं म्हणत होत्या. तो मान खाली घालून ढिगाजवळ बसला होता.

मला पाहून उठला. माझ्या हाताकडं, माझ्या मागं बघत राहिला, मी एकटा काऊन आलो म्हणून.

मी म्हटलं, "बाबाजी, आपरेशन झालं. माय बरी हाय."

"बरी म्हंजे?"

"म्हंजे बरी. पानी मागतलं तिनं."

"डोळे उघडते?"

"उघडते. शिव्याही देते."

तो खाली बसला. मग म्हणाला, "तिले थांबा लागू नये म्हणून आनली म्या. आनल्यावर थांबा लागू नये." मी म्हटलं, आता उचलू हे इथून. तर तो लाकडांच्या आड उभा राहिला. "नोको. ती येऊ दे आधी. तिले पाहू दे मले. मंग उचलजो."

त्या संध्याकाळी त्या दोघी रीतीप्रमाणे सांगायला आल्या, गाठ काऊन फोडली. शिव्या देऊन झाल्या होत्या तरी आल्या, नियम तो नियम. एक म्हणाली, "मायसाठी फोडली." दुसरी म्हणाली, "मीही." बुढ्यानं डोळे मिटले नाहीत. भिंतीकडं तोंड केलं. "होती," म्हणाला. दोन्हीदा, एवढ्या हळू की दुसरीला विचारावं लागलं, काय म्हणाले.

तो रोज स्टेशनवर जात होता. नागपूरहून येणारी प्रत्येक गाडी बघून परत येत होता. मी सांगितलं, टाके काढल्याशिवाय सोडत नाहीत. तो हो म्हणायचा आणि पुन्हा जायचा. रात्री लाकडांवर पोतं टाकायचा, दंव पडतं म्हणून. ती बरी होऊन राहिली हे त्याला कळत होतं. पण आयुष्यभर एकाच बाजूला बघत आलेला माणूस, त्याला मान दुसरीकडं वळवता येत नव्हती.

ज्या दिवशी ती आली त्या दिवशी नेमकी दोघांची चुकामूक झाली. तो स्टेशनवर, ही घरी. माझी बायको एका बाजूला, शेजारीण दुसऱ्या बाजूला, मध्ये बुढी, वाळून काडी झालेली. आवारात आली आणि तिला ते दिसलं. लपवायचं काय, झाकायचं काय. तिनं दोघींचे हात सोडले, भिंतीला धरून ढिगापर्यंत गेली आणि उभी राहिली. कापडाची घडी उचलून पोत पाहिला, परत ठेवली.

तेवढ्यात बुढा धापा टाकत फाटकातून आला. टांगेवाल्यानं त्याला सांगितलं असावं. तो तिच्यापासून चार हात लांब थांबला. कोटाची सुतळी सुटली होती.

बुढी म्हणाली, "हे माह्यासाठी आनलं जी?"

त्यानं मान हलवली.

तिनं एका ओंडक्यावर तळहात ठेवला. मग दुसऱ्यावर. नखानं साल सोलून पाहिली. आतून हिरवी निघाली, पाणी सुटलं बोटाला. लाकूड अख्खं ओलं होतं. जन्मभर टालीवर राहिलेला माणूस, सरणाला कोणतं लाकूड लागतं हे ज्यानं शेकडो लोकांना निवडून दिलं, तो स्वतःच्या बायकोसाठी कालपरवा तोडलेलं लाकूड उचलून घेऊन आला होता.

"ओली हाये ना जी," ती म्हणाली.

बुढ्यानं जवळ येऊन हात लावला. तसाच लावून ठेवला. "पाह्यलंच नाई म्या," म्हणाला. "मले तवा काई दिसतच नोतं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग ओंडक्यावरच बसली, थकली होती.

"वाळू द्या," म्हणाली. "घाई कोनाले हाय."